वरचा उजवा चौथा

सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे थांबली. आत दोन माणसं होती. एक लिफ्ट निरीक्षक बाई – वय बत्तीस, अंगात निळा डगला, कमरेला टॉर्च. दुसरा दातांच्या कॅप बनवणारा कारागीर – वय चौतीस, छातीशी धरलेली पुठ्ठ्याची पेटी, पेटीत प्लास्टरचे सव्वीस जबडे.

तपासणी नऊपासून चालू होती. ‘तपासणी सुरू, लिफ्ट वापरू नये’ अशी पाटी तिने प्रत्येक मजल्यावर स्वतः अडकवली होती. पहिल्या मजल्यावरची तेवढी निसटून भिंतीशी पडली, आणि कारागिराची लॅब नेमकी पहिल्या मजल्यावर. पेटी सांभाळत तो पाठमोराच आत शिरला. “अहो, थांबा–” म्हणेपर्यंत दार मिटलं होतं. तिसरा मजला मागे पडला, वर कुठेतरी कट् असा आवाज झाला आणि सगळं जागच्या जागी थांबलं.

“बंद पडली?” त्याने विचारलं.

“थांबली. तिसऱ्या मजल्याच्या दाराचा कॉन्टॅक्ट सुटतोय. सकाळपासून हाच दोष शोधत होते मी.”

“तुम्हाला चक्क आनंद झालाय.”

“सापडल्यावर होतोच.”

त्याने पेटी खाली ठेवली. मग स्वतःही तिच्या शेजारी बसला – बसला म्हणजे पाठ भिंतीला लावून हळूहळू खाली आला. कपाळावर घाम होता.

“मी लिफ्टने जात नाही कधी,” तो म्हणाला. “जिना. एकसष्ट पायऱ्या. आज ही पेटी जड होती, म्हटलं एक दिवस... किती वेळ लागेल?”

तिने गच्चीवरच्या मशीनरूममध्ये बसलेल्या मेकॅनिकला फोन लावला, चार वाक्यं बोलली, फोन चालूच ठेवला.

“बारा मिनिटं.”

“बारा!”

“माझ्याकडे बघा. दाराकडे नको.” ती त्याच्या समोर उकिडवी बसली. “काय होणार, ते मी प्रत्येक वेळी आधी सांगणार. न सांगता काहीही होणार नाही. आणि अगदीच नकोसं झालं तर नुसता हात वर करा, मी त्याला तिथल्या तिथे थांबवते. कबूल?”

“...कबूल.”

“आता वर टक् असं होईल. तो ब्रेक सोडतोय.”

टक्.

“आता जरा हिसका. अगदी थोडा. मग वर जायला लागेल, गोगलगायीसारखी.”

हिसका बसला. कारागिराचा हात खांद्यापर्यंत वर आला. तिने फोनमध्ये “थांब” म्हटलं, लिफ्ट थांबली. त्याने दोनदा श्वास घेतला, हात खाली ठेवला. लिफ्ट पुन्हा निघाली. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तो स्वतःच हसला.

“तुम्ही खरंच थांबवता हो.”

“मग? सांगितलं होतं ना.”

“आणि तुम्ही? तुम्हाला कशाचीच भीती वाटत नाही?”

हसताना तोंडावर हात धरायची तिची जुनी सवय. पण आत्ता एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातातला टॉर्च नेमका तिच्याच हनुवटीवर उजेड पाडत होता. ती हसली... आणि कारागीर हसायचा थांबला. त्याची नजर तिच्या डोळ्यांवर नव्हती. जरा खाली होती.

“वरचा उजवा चौथा,” तो सावकाश म्हणाला. “रूट कॅनॉल झालेला. सुळा जरासा मान वळवून शेजारी बघतोय असा... तुम्ही चारशे सतरा नंबर ना?”

“काय?”

“कॅप बसवायला तुम्ही आलाच नाहीत. नऊ वर्षं झाली.”

*

लिफ्ट दहा बावन्नला चौथ्या मजल्याला टेकली. समोर दहा पावलांवर दाताचा दवाखाना होता. दार उघडं होतं आणि लवंगाच्या तेलाचा वास जिन्यापर्यंत आला होता. त्या वासाने तिचे पाय लिफ्टच्या उंबऱ्यावरच थबकले.

नऊ वर्षांपूर्वी ती याच मजल्यावर आली होती. तेव्हाचे डॉक्टर घाईत असत. इंजेक्शन पुरतं चढण्याआधीच त्यांनी काम सुरू केलं. तिने हात वर केला. “अहो, एवढं काय त्यात!” म्हणून त्यांनी काम चालूच ठेवलं. तिने पुन्हा हात वर केला, त्यांनी तो बाजूला सारला. पुढच्या आठवड्यात कॅप बसवायची होती. तो पुढचा आठवडा काही आला नाही. या इमारतीची तपासणीसुद्धा ती दर वेळी एका सहकाऱ्याच्या गळ्यात घालत आली होती. तो आता निवृत्त झाला, त्याची जागा अजून भरली नाही, म्हणून आज ती इथे होती. आणि काल सकाळी पावाची कडक कड चावताना त्याच दाताचा टवका उडाला होता. तिने हे कोणालाही सांगितलं नव्हतं.

“ते माझं पहिलं काम होतं,” कारागीर सांगत होता. जमीन स्थिर झाल्यामुळे त्याला कंठ फुटला होता. “स्वतःच्या हाताने केलेली पहिली कॅप. तीन रात्री झोप नाही. आणि माणूस येतच नाही! मी तुमचा साचा टेबलासमोरच्या फळीवर ठेवलाय. रोज बघतो. तुम्ही रात्री दात खाता, माहितीये का? खालच्या पुढच्या दातांची धार गेलीये.”

“अनोळखी बाईला असं बोलतात?”

“अनोळखी कुठे? मी तुम्हाला नऊ वर्षं ओळखतो. फक्त तोंड... म्हणजे बाकीचं तोंड आज पाहिलं.”

तिने लिफ्टच्या दारावर लाल पट्टी चिकटवली, वर शिक्का मारला.

“सील केलीत?”

“वर्षाची तपासणी दोनदा चुकवलीये सोसायटीने. तुमचे सेक्रेटरी म्हणतात, ‘चालतेय ना, मग कशाला?’ सगळे असंच म्हणतात. मोडेपर्यंत चालतच असते.”

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “दोन वर्षांना सील. नऊ वर्षांना काय असतं?”

तिने शिक्का खिशात घातला. मग पुन्हा बाहेर काढला. मग परत घातला.

“ते डॉक्टर आता नाहीत,” तो जरा खालच्या आवाजात म्हणाला. “सात वर्षं झाली, नव्या डॉक्टरबाई आहेत. मी अधांतरी बारा मिनिटं बसलो, तुमच्या शब्दावर. तुम्ही दहा पावलं चाला... माझ्या शब्दावर.”

“आणि हात वर केला तर?”

“तर मी स्वतः वीज बंद करीन.”

तिने मोठ्या बहिणीला फोन लावला. बहिणीने या नऊ वर्षांत तिच्यासाठी सहा दवाखान्यांत सहा वेळा नंबर लावले होते. सहाही वेळा ऐन वेळी एकच निरोप गेला होता – लिफ्टमध्ये माणूस अडकलाय.

“ताई, मी दाताच्या डॉक्टरांकडे आलेय.”

“थापा मारू नकोस.”

“अगं खरंच. लिफ्टमध्ये माणूस अडकला होता, म्हणून–”

“बघ! आलंच का?”

“नाही गं, त्यानेच आणलंय मला.”

“कोणी?” ताईने विचारलं. पण तोवर तिने फोन ठेवला होता.

ती दहा पावलं चालली. कारागिराने मोजली, चौदा भरली. वाटेत दोन मागे गेली होती.

*

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. बोलायच्या कमी. एक्स-रे काढला, उजेडासमोर धरला.

“दात गेला असं म्हणत नाही मी. पण मुळाशी सावली दिसतेय. जुनं काम उघडून पुन्हा करावं लागेल. तीन वेळा यायचं. मग कॅप. तरी वाचेलच असं लिहून देत नाही.”

“आणि नाहीच आले तर?”

“तर दिवाळं दाताचं. सहा महिन्यांत काढायला याल.”

ती खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसली होती. डॉक्टरबाईंनी सगळी हत्यारं ताटात ठेवून ताटावर कापड टाकलं.

“हा म्हणाला, तुम्ही लिफ्टमध्ये आवाज आधी सांगितलेत. मी तशी गप्प असते कामात. पण आज सांगते. आता मुंगी चावल्यासारखं होईल. मग दहा मिनिटं मी काहीही करणार नाही, वर्तमानपत्र वाचणार. हात वर केलात की थांबणार.”

त्यांनी खरोखर दहा मिनिटं वर्तमानपत्र वाचलं.

त्या दिवशी तिने हात चौदा वेळा वर केला. पहिल्या सहा वेळा तर दुखतही नव्हतं. यंत्राचा आवाज यायचा, हात जायचा, आवाज थांबायचा. चौदाही वेळा थांबला. सातव्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा डॉक्टरबाई घाबरल्या. तिने मान हलवली. दुखलं म्हणून नव्हतं ते. त्या थांबल्या म्हणून होतं.

दुसऱ्या वेळी हात पाच वेळा वर गेला. तिसऱ्या वेळी दोनदा, त्यातला एक नाकाला खाज सुटली म्हणून.

तिसऱ्या वेळी काम संपलं तेव्हा कारागीर एक छोटी डबी घेऊन वर आला. आत कापसावर नऊ वर्षांपूर्वीची कॅप होती. डाळीच्या दाण्याएवढी, पांढरी, चकचकीत.

डॉक्टरबाईंनी ती लावून पाहिली. एका बाजूने टेकली, दुसऱ्या बाजूने उचललेलीच राहिली. त्यांनी फिरवून पाहिली, पुन्हा लावली, काढली.

“नाही रे बसत. दात तुटून बदललाय आणि शेजारचे सरकलेत. जागा मोकळी दिसली की शेजारी पसरतातच. नवी कर.”

कारागिराने डबी हातात घेतली. “हो... होणारच होतं,” तो म्हणाला आणि बराच वेळ डबीचं झाकण बंद करत राहिला. ते एकदाच दाबायचं होतं.

बधिर झालेल्या ओठाने तिला नीट बोलता येत नव्हतं. तरी ती म्हणाली, “ती मला द्या.”

“कशाला? बसत नाही.”

“माझी आहे. नंबर चारशे सतरा.”

*

नव्या कॅपचा रंग शेजारच्या दातांशी जुळवावा लागतो. तो दिव्याखाली जुळवत नाहीत, खिडकीपाशी जुळवतात, दिवसाच्या उजेडात. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला ती दवाखान्याच्या खिडकीपाशी उभी राहिली. कारागिराच्या हातात एक पट्टी होती, तिला सोळा खोटे दात ओळीने लावलेले – पांढऱ्यापासून पिवळसरपर्यंत.

“लिपस्टिक पुसा.”

“अहो!”

“लाल रंगाने डोळा फसतो. कामाचं सांगतोय.”

तिने पुसली. त्याने पट्टी तिच्या ओठांजवळ धरली. एक दात, दुसरा दात... त्याचा श्वास रोखलेला होता, तिचाही. डोळे इतके जवळ होते की कुठे बघावं हा प्रश्नच होता. तिने छताकडे बघितलं. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

आणि नेमका ढग आला.

“थांबावं लागेल,” तो पट्टी खाली घेत म्हणाला. “हा उजेड चालत नाही.”

“किती वेळ?”

“ते ढगाला विचारा.”

ढग मोठा होता. दोघं खिडकीच्या कठड्याला टेकून उभे राहिले. खाली कोणीतरी गाडी पुसत होतं. समोरच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या.

“मला वाटायचं, चारशे सतरा नंबरची बाई रागीट असणार,” तो म्हणाला.

“का?”

“दात खाते ना.”

“आणि?”

“आणि एकाच बाजूने चावणारी माणसं... हट्टी असतात. असं माझं आपलं मत.”

“मत बदललंत?”

“नाही.” तो तिच्याकडे न बघता हसला. “पक्कं झालं.”

“आणि तुम्ही? लिफ्टमध्ये खाली बसणारे?”

“मी घाबरट. लपवत नाही. तुम्ही लपवता, एवढाच फरक.”

कठड्यावर तिचं कोपर त्याच्या कोपराला लागलं होतं. दोघांनीही ते काढलं नाही. ढग अकरा मिनिटांनी गेला. त्यानंतरही साधारण चार मिनिटं कोणाच्या लक्षात आलं नाही.

“नऊ वर्षांत तुमचा रंग एक छटा पिकलाय,” शेवटी त्याने सांगितलं. “चहा फार होतो.”

“एकटीचाच होतो. मोजायला कोण असतं?”

त्याने पट्टी पुन्हा वर धरली. “उद्या परत यावं लागेल. आजचा उजेड... पूर्ण खात्रीचा नव्हता.”

ती दुसऱ्या दिवशी आली. उजेड लख्ख होता, तरी तो म्हणाला, “उद्या एकदा पाहू.” ती तिसऱ्या दिवशीही आली.

*

पुढच्या गुरुवारी दुपारी चार वाजता कॅप बसवायची होती. डॉक्टरबाईंनी कार्ड काढलं, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि कार्डाकडे बघतच बोलल्या.

“सात वर्षं हा माझ्यासाठी कॅप करतोय. रंग एकदा बघतो, चुकत नाही. या कार्डावर तीन तारखा आहेत, तिन्हींपुढे एकच छटा.”

कारागीर कॅप पुसू लागला. ती आधीच पुसलेली होती.

“आणि बाई, तुम्ही. लिफ्टचं प्रमाणपत्र खाली लागलंय, मंगळवारचं. दुरुस्ती झाली, सील निघालं. मग बुधवारी टॉर्च घेऊन पुन्हा काय बघत होतात?”

“खात्री...” ती म्हणाली.

“हं. दोघांनाही खात्रीचा फार सोस.” डॉक्टरबाईंनी खुर्ची मागे केली. “उघडा.”

कॅप बसली. मधे रंगीत कागद ठेवून चावायला लावलं, उंच वाटलेली जागा एकदा घासली, पुन्हा चावायला लावलं. या वेळी बसली ती अशी, की जिभेला शिवण सापडेना. सिमेंट लावून डॉक्टरबाईंनी वर कापसाची गुंडाळी ठेवली.

“पाच मिनिटं घट्ट चावून धरायचं. सोडायचं नाही, बोलायचं नाही.” भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून त्या शेजारच्या खोलीत गेल्या, आणि त्यांनी दार ओढून घेतलं. ते दार त्या एरवी कधी ओढत नसत.

चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती.

कारागीर स्टूल ओढून बसला. उठला. पुन्हा बसला.

“तुम्हाला आता बोलता येणार नाही,” तो म्हणाला. “म्हणजे हे जरा... अन्यायाचं आहे. पण तुम्ही बोलायला लागलात की माझं राहून जातं. तेव्हा आपलं ठरलंय तसंच. मी आधी सांगतो काय होणार. मी काहीतरी म्हणणार आहे. नकोसं झालं तर हात वर करा. मी थांबेन. पुन्हा कधी विषय काढणार नाही. कबूल?”

तिने कापूस चावलेल्या तोंडाने मान हलवली.

“मी तुमची पहिली कॅप केली तेव्हा मला वाटायचं, हा माणूस आला की मी बघणार, माझं काम त्याच्या हसण्यात कसं दिसतं. मग आलंच नाही कोणी. साचा ठेवला. कोणी विचारलं तर सांगायचो, नमुना म्हणून ठेवलाय. नमुना कसला... सवय झाली होती. आणि त्या सोमवारी तुम्ही टॉर्चच्या उजेडात हसलात. मला लिफ्टची भीती होती ना? त्या क्षणी मी विसरलो की मी लिफ्टमध्ये आहे. असं कधी झालं नव्हतं. मला तुम्ही–”

तिचा हात वर गेला.

कारागीर थांबला. वाक्याच्या मधे, शब्दाच्या तोंडाशी, तसाच. चेहरा उतरला. त्याने स्टूल वीतभर मागे सरकवलं आणि हात मांडीवर ठेवले. घड्याळाचा काटा चालत होता. दहा सेकंद. पंधरा.

मग त्याने पाहिलं, तिचे डोळे हसत होते.

तिने वर केलेला हात खाली आणला, डगल्याच्या खिशातून वही आणि पेन्सिल काढली – तिची तपासणीची वही – आणि कापूस न सोडता एक ओळ लिहून वही त्याच्यापुढे धरली.

‘ब्रेक लागतो की नाही, ते आधी बघावं लागतं. लागला. पुढे चालू करा.’

त्याने ती ओळ दोनदा वाचली. मग वाक्य पुरं केलं. ते ऐकताना तिचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर होते – घट्ट धरलेले नव्हते, नुसते ठेवलेले. नंतर त्यातला एक तिथेही नव्हता.

पाच मिनिटांच्या जागी डॉक्टरबाई आठ मिनिटांनी आल्या. येण्याआधी त्यांनी स्वतःच्याच दवाखान्याचं दार वाजवलं. कापूस काढला, आरसा दिला.

ती आरशात बघून हसली. तोंडावर हात आला नाही. त्याची आठवणही झाली नाही. कारागीर आरशात बघत नव्हता. तो थेट बघत होता.

“जोरात चावायचं नाही आज,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मुळाशी ती सावली अजून आहे. जाईल असं वाटतं. पण कळेल सहा महिन्यांनी. तपासणीला येणार?”

“तारीख लिहा,” ती म्हणाली. मग कार्ड ओढून घेऊन तिने स्वतःच लिहिली.

चार वाजून अडतीस मिनिटांनी दोघं चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या दारापाशी उभे होते. जुन्या कॅपची डबी तिच्या डगल्याच्या वरच्या खिशात होती. कारागिराने एकदा जिन्याकडे पाहिलं. एकसष्ट पायऱ्या.

“आता काय होणार, सांगा आधी,” तो म्हणाला.

“दार उघडेल. आपण आत जाऊ. खाली पोचायला बावीस सेकंद लागतील. मग चहा.”

“आणि मग?”

“तेवढंच माहितीये मला सध्या.”

दार उघडलं. तो आधी आत गेला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला – ताईचा संदेश, दुपारपासूनचा सातवा. ‘बसली का कॅप? आणि तो कोण ते सांग आधी.’ तिने उभ्या उभ्या उत्तर टाकलं: ‘लिफ्टमध्ये माणूस आहे. नंतर बोलते.’

संदेश चार चाळीसला पोचला. ताईने तो वाचल्याची खूण आली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.